पावसाळ्यात पीयू कास्टिंगला जाळी का पडते: आयसोसायनेट आणि पाण्याचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीजवळ छोटं युनिट, पीयूचे (पॉलियुरेथेनचे) रोलर आणि ट्रॉलीची चाकं ओततात, दोन कंपोनंटची एमडीआय सिस्टीम (एका बाजूला एमडीआय नावाचा आयसोसायनेट म्हणजे आयसो, दुसऱ्या बाजूला पॉलिओल, दोन्ही मिसळले की घट्ट होऊन पीयू बनतो), वजन काट्यावर आणि मिक्सिंग ड्रिलला पॅडल लावून. मे महिन्यापर्यंत माल काचेसारखा, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक पीसमध्ये बारीक बबल. व्हॅक्यूम लावून बघितला, फरक नाही. सप्लायर म्हणतो माल स्पेकमध्ये आहे. आयसोच्या एका अर्धवट वापरलेल्या ड्रमचं झाकण वर आलंय. आणि विचारलंय की फोमवाले तर मुद्दाम पाणी टाकतात, मग आमच्या मालात एवढ्याशा दमटपणाने काय आभाळ कोसळतं, आणि कॅटॅलिस्ट वाढवला तर सुटेल का.

बबलचं नंतर बोलू, आधी ड्रम. तो हलवू नका, उन्हात असेल तर त्याच्यावर सावली करा, आजूबाजूची माणसं लांब ठेवा आणि सप्लायरच्या टेक्निकल माणसाला आजच फोन करा. बूच स्वतः पाना लावून उघडायला जाऊ नका, ज्याने हे आधी केलंय त्यानेच रेस्पिरेटर, गॉगल, हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, अगदी पाव पाव आटा सैल करत दाब सोडायचा असतो. हातोडीने झाकण परत सपाट करणं, भोक पाडणं, गॅस कटर, यातलं काहीही नाही. मी हे एवढं बजावून सांगतेय कारण आमच्याकडे एकदा एका मुलाने असंच बूच झटक्यात फिरवलं आणि काळसर आयसो त्याच्या शर्टावर आणि छताच्या पत्र्यावर एकाच वेळी उडाला. चेहऱ्यावर शील्ड होती म्हणून डोळे वाचले.

आता तो ड्रम फुगला का, यातच तुमच्या बबलचं उत्तर पण आहे म्हणून तिथूनच सुरू करते.

आयसोसायनेट म्हणजे ज्या रेणूच्या टोकाला एनसीओ ग्रुप आहे तो. मधला कार्बन नायट्रोजन आणि ऑक्सिजन या दोघांच्या ओढाताणीत सापडलेला, इलेक्ट्रॉनला भुकेलेला, त्यामुळे ज्याच्याकडे सरकणारा हायड्रोजन आहे त्याच्यावर तो तुटून पडतो. पॉलिओलचा ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचा ग्रुप) मिळाला तर युरेथेन बनतं, तेच आपल्याला हवंय. पण पाणी मिळालं तर आधी कार्बामिक अॅसिड बनतं आणि ते टिकत नाही, लगेच फुटतं. फुटल्यावर एक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि मागे अमाइन उरतो. गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं, पण अमाइन हा आयसोसाठी पाण्यापेक्षा कितीतरी जास्त चविष्ट, तो शेजारचा दुसरा एनसीओ ताबडतोब पकडतो आणि युरिया बनतो. म्हणजे पाण्याच्या एका रेणूने दोन एनसीओ खाल्ले आणि वर गॅस सोडला. हे "दोन" लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे.

पाण्याचं मॉलिक्युलर वेट १८, दोन एनसीओ खातो म्हणून इक्विव्हॅलंट वेट, म्हणजे एका एनसीओमागे लागणारं वजन, ९. तुमचा पॉलिओल समजा २००० वजनाचा डायोल (दोन ओएचवाला) असेल तर त्याचं इक्विव्हॅलंट वेट १०००. म्हणजे १ ग्रॅम पाणी आयसोच्या नजरेत १११ ग्रॅम पॉलिओलच्या बरोबरीचं. तुम्ही काट्यावर पॉलिओल एक ग्रॅम जास्त पडला तर काढून टाकता ना, आणि पाण्याचा एक ग्रॅम कुणी बघतही नाही. साधा पॉलिमेरिक एमडीआय धरला, ३१ टक्के एनसीओवाला, तर १ ग्रॅम पाणी त्याचे साधारण १५ ग्रॅम खातं आणि खोलीच्या तापमानाला जवळपास १.३५ लिटर गॅस देतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की पाणी वजनात मोजलं तर कायम किरकोळ वाटतं, ते रेणूंच्या संख्येत मोजायचं आणि गॅस लिटरमध्ये.

ड्रमला हा हिशोब लावा. समजा आयसोचा ड्रम अर्धा रिकामा, वर १०० लिटर मोकळी जागा, आणि आत एका कटिंग चहाएवढं म्हणजे ५० मिली पाणी गेलं. गॅस किती? ६८ लिटर. १०० लिटरच्या जागेत आणखी ६८ लिटर कोंबले तर दाब चौरस सेंटीमीटरला साधारण ०.७ किलोने वाढतो, ऐकायला फार नाही, स्कूटरच्या टायरमध्येही याच्यापेक्षा जास्त असतो. पण ड्रमचं झाकण ५७ सेंटीमीटर व्यासाचं सपाट पत्र्याचं, त्याचं क्षेत्रफळ अडीच हजार चौरस सेंटीमीटर, म्हणजे त्या झाकणावर आतून पावणेदोन टनाचा जोर. फुगणार नाही तर काय होईल.

आणि हे लगेच होत नाही, ही खरी खोड आहे. एमडीआय पाण्यात मिसळत नाही, त्याची घनता १.२ च्या वर, त्यामुळे पाणी तेलासारखं त्याच्यावर तरंगत बसतं. रिअॅक्शन फक्त दोघांच्या सीमेवर, तिथे युरियाची पांढरी साय धरते, ती साय रिअॅक्शन अजून हळू करते. माणूस संध्याकाळी बूच घट्ट लावून घरी जातो, गॅस रात्रभर बनत राहतो, सकाळी ड्रम गरोदर. म्हणून आयसोमध्ये पाणी गेल्याची नुसती शंका जरी आली तरी त्या ड्रमचं बूच त्या दिवशी घट्ट लावायचं नाही.

पाणी आत गेलं कसं? "दमट हवेमुळे" असं सगळे म्हणतात, मी पण म्हणायचे, पण हिशोब करून बघा. ३० डिग्री आणि ९० टक्के ह्युमिडिटीला एक घनमीटर हवेत साधारण २७ ग्रॅम पाणी असतं. ड्रममधल्या १०० लिटर हवेत म्हणजे २.७ ग्रॅम, त्यातून गॅस पावणेचार लिटर. एवढ्याने झाकण वर येत नाही, फार तर बुचापाशी पांढरी पापडी धरते. झाकण फुगलं म्हणजे आत द्रव पाणी गेलंय. बहुतेक वेळा ते असं जातं: ड्रम बाहेर किंवा गळक्या पत्र्याखाली उभा, पावसाचं पाणी झाकणाच्या काठाआत तळ्यासारखं साचलेलं, दिवसा ऊन पडलं की आतली हवा फुगून बुचातून थोडी निसटते, रात्री पाऊस आला की ड्रम गार होतो आणि आत ओढ बसते, आणि बुचाच्या आट्यांवर जे पाणी साचलंय तेच तो पितो. आमचे एक जुने ऑपरेटर काका याला "ड्रम श्वास घेतो" म्हणायचे, पुस्तकात पण याच अर्थाचा शब्द आहे हे मला फार नंतर कळलं. उपाय साधा, बंद ड्रम बाहेर ठेवायचाच असेल तर आडवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असा, म्हणजे बुचं कायम आतल्या मालाने झाकलेली राहतात आणि वर पाणी साचत नाही. अर्धवट वापरलेला ड्रम मात्र छताखालीच, आणि प्रत्येक वेळी बंद करताना वर कोरड्या नायट्रोजनचा थर. नायट्रोजन सिलिंडर छोट्या युनिटला जड वाटतो, पण एक ड्रम वाया गेला की सिलिंडर स्वस्त वाटायला लागतो.

त्या ड्रममध्ये आत पांढरं काही दिसलं तर ते लगेच युरियाच आहे असंही नाही. थंडीत काही एमडीआय ग्रेड दाणेदार होतात, ते सप्लायरने सांगितलेल्या तापमानाला नीट गरम केले की वितळतात. डायमर (दोन आयसो रेणू एकमेकांना जोडलेले) पण असू शकतो, त्याचा पाण्याशी संबंध नाही, माल चुकीच्या तापमानाला जास्त दिवस पडून राहिला की होतो. युरिया काही केलं तरी वितळत नाही, फिल्टरमध्ये वाळूसारखा अडकतो. उरलेला आयसो वापरायचा की नाही हे डोळ्याने ठरवू नका, डायब्यूटिलअमाइनचं टायट्रेशन करून एनसीओ टक्के काढून घ्या, सप्लायरची लॅब करून देते.

आता मुख्य मुद्दा, कास्टिंगमधले बबल. मला वाटतं तुमचा दोषी आयसोचा ड्रम नाही, किंवा एकटा तो नाही. आयसोत पाणी गेलं तर ते तिथेच आयसोला खाऊन युरिया होऊन बसतं, त्यातलं मोकळं पाणी तुमच्या साच्यापर्यंत फारसं पोचत नाही. पाणी सुरक्षित लपून बसतं ते पॉलिओलच्या बाजूला, कारण तिथे त्याला खाणारं कुणी नाही. पॉलिइथर पॉलिओल, ब्यूटेनडायोल हे सगळे मॉइश्चर ओढणारे, मिठाच्या बरणीसारखे, झाकण उघडं राहिलं की झालं. सप्लायर म्हणतो माल स्पेकमध्ये आहे तर तो खोटं बोलत नसणार, त्याच्याकडून निघाला तेव्हा असेलच. चांगल्या कास्टिंग पॉलिओलला पाणी ०.०५ टक्क्याच्या आत असतं. तुमच्याकडे आठवडाभर उघडझाप झाल्यावर किती आहे हा प्रश्न आहे.

एक किलोचं मिश्रण धरू, ७०० ग्रॅम पॉलिओल साइड, ३०० ग्रॅम आयसो. पॉलिओलमध्ये पाणी ०.१ टक्का झालं, म्हणजे ०.७ ग्रॅम, दहा-पंधरा थेंब. त्यातून गॅस जवळपास एक लिटर. आणि तुमचा एक किलोचा पीस स्वतःच लिटरभराला थोडा कमी! सगळा गॅस बबल होत नाही हे खरं, काही विरघळून राहतो, काही वरून निघून जातो, काही पाणी जेल झाल्यावर, म्हणजे माल घट्ट झाल्यावर, उशिरा रिअॅक्ट होतं, तरी त्यातला दहावा भाग जरी अडकला तरी पीस वाया. शिवाय त्या ०.७ ग्रॅमने साडेदहा ग्रॅम आयसो खाल्ला, म्हणजे ३०० तले साडेतीन टक्के. तुम्ही १०३ इंडेक्सला, म्हणजे हिशोबापेक्षा तीन टक्के जास्त आयसो घालून, चालवत असाल तर प्रत्यक्षात पीस शंभराच्या खाली बनतोय. बबल दिसतात म्हणून माणूस बबलशी भांडतो, पण रोलर दोन महिन्यांत झिजून परत येतो त्याचं कारण हे दुसरं असू शकतं.

फोमवाल्यांचं काय मग. त्यांना जाळीच विकायची असते. अनारशाला जाळी पडली तर सुगरणीचं कौतुक, तीच जाळी रोलरला पडली तर माल परत. गादीच्या फोममध्ये १०० भाग पॉलिओलला ३ ते ५ भाग पाणी मुद्दाम घालतात. ४ भाग घेतले तर १०० ग्रॅम पॉलिओलमागे साडेपाच लिटरच्या आसपास गॅस, आणि सगळ्याचं वजन भागिले आकारमान केलं तर चोवीस-पंचवीसच्या डेन्सिटीचा (घनमीटरला तेवढे किलो) फोम हातात येतो, बाजारात मिळतो तसाच. पण त्यासाठी ते आयसो पाण्यासकट मोजून घालतात, सिलिकॉन घालतात म्हणजे बुडबुडे एकसारखे राहतात, अमाइन आणि टिन या दोन कॅटॅलिस्टचा तोल सांभाळतात म्हणजे गॅस होण्याचा वेग आणि जेल होण्याचा वेग जुळतो. युरियाचे कडक गठ्ठे फोमला ताठपणा देतात, ते पण त्यांना हवेच असतात. आणि या सगळ्याची किंमत म्हणजे उष्णता, पाण्याची रिअॅक्शन युरेथेनच्या मानाने मोलमागे जवळपास दुप्पट गरम. मोठा ब्लॉक आतून १५० डिग्रीच्या वर जाऊ शकतो, म्हणून ताजे ब्लॉक एकमेकांना चिकटवून रचत नाहीत, अंतर ठेवून थंड करतात, नाहीतर आतून करपतो आणि कधी पेट घेतो. तर पाणी त्यांच्याकडे कच्चा माल आहे, तुमच्याकडे बिनबुलाया पाहुणा. ओटो बायरने १९३७ मध्ये जर्मनीत पॉलियुरेथेनची केमिस्ट्री शोधली तेव्हा सुरुवातीचे नमुने असेच बबलवाले निघत आणि लोक नाक मुरडत, पुढे त्याच बबलवर फोमचा अख्खा धंदा उभा राहिला. तुम्हाला त्याचा उपयोग नाही, पण वाईट वाटत असेल तर सांगितलं.

व्हॅक्यूमने फरक का पडला नाही? कारण व्हॅक्यूम हवा काढतो, आणि तुमचा बबल बहुतेक हवेचा नाहीच. ओळखायचं कसं ते सांगते. हवेचा बबल ओततानाच दिसतो, आकार लहानमोठे, वरच्या बाजूला किंवा साच्याच्या कोपऱ्यात जमतो. गॅसचा बबल ओतताना नसतो, माल दाट व्हायला लागला की आतून उगवतो, बारीक, सगळीकडे सारखा, आणि पीसचा वरचा भाग थोडा पावासारखा फुगतो. तळाशी किंवा कोअरला (पीसच्या आतल्या लोखंडी गाभ्याला) चिकटून बबल असतील तर तिसरंच कारण, तो साचा किंवा कोअर ओला आहे.

आणि व्हॅक्यूमने पॉलिओल वाळवता येतो, पण थंड नाही. मुरलेलं पाणी दाट पॉलिओलमधून बाहेर यायला त्याला पातळ करावं लागतं, १०० ते ११० डिग्री, सतत स्टरिंग, ५ मिलिमीटर मर्क्युरीच्या खाली व्हॅक्यूम आणि निदान तास-दीड तास. इथे एक प्रश्न विचारते, तुमचा पंप कोणता? वॉटर रिंग असेल तर विसरा. तो पंप स्वतः पाण्यावर चालतो, ३० डिग्रीला पाण्याचा स्वतःचा दाब ३२ मिलिमीटर, त्याच्या खाली तो जाऊच शकत नाही, मग सुकवणार काय. ऑइल सील्ड रोटरी पंप लागतो, मध्ये ट्रॅप लागतो, आणि पंपाचं तेल ताकासारखं पांढुरकं झालं की त्याने पाणी प्यायलंय, बदला. आम्ही पहिल्या वर्षी गेजवर काटा छान खाली गेलेला बघून खूश होतो, गेज साधा डायलचा होता, त्याला ५ आणि ४० मधला फरक दिसतच नव्हता.

कॅटॅलिस्टचं उत्तर, वाढवू नका, निदान कोणता आहे ते बघितल्याशिवाय. टर्शरी अमाइन असेल तर तो पाण्याच्या रिअॅक्शनला पण जोर देतो, म्हणजे तुम्ही आगीत तूप ओतताय. टिन, म्हणजे डीबीटीडीएल, ओएचकडे जास्त झुकतो, तरी जेल लवकर झाला की जो गॅस आत्ता निसटत होता तो पण अडकतो. पूर्वी काही लोक पाऱ्याचे कॅटॅलिस्ट वापरायचे, ते पाण्याकडे फारसं लक्ष देत नसत आणि पीस सुंदर निघत, पण ते विषारी, युरोपात २०१७ पासून त्यांच्यावर बंदी आहे, कुणी जुना डबा आणून दिला तरी घेऊ नका. आणखी एक गोष्ट यावर अवलंबून आहे, तुमच्या पॉलिओलचे ओएच प्रायमरी (मोकळे, चटकन रिअॅक्ट होणारे) की सेकंडरी (अडचणीतले, सावकाश). पाण्याचा वेग साधारण प्रायमरी ओएचच्या जवळपास असतो, साध्या पीपीजीचे (पॉलिप्रॉपिलीन ग्लायकॉलचे) किंवा एरंडेलाचे ओएच सेकंडरी, ते मागे पडतात. अशा सिस्टीममध्ये पाणी रांगेत पुढे घुसतं आणि पॉलिओल बघत राहतो. सिस्टीमची शीट बघितल्याशिवाय यापुढे मी छातीठोक काही सांगणार नाही.

मग पाणी शोधायचं कसं. कार्ल फिशर टायट्रेशन हा खरा मार्ग, दोन सँपल द्या, एक नवा न उघडलेला ड्रम आणि एक चालू ड्रम. पण त्याच्या आधी घरच्या घरी कप टेस्ट करा, मी आजही करते. पारदर्शक प्लास्टिकचे चार कप घ्या, कागदी नको, कागद पावसाळ्यात स्वतःच दमट असतो. पहिल्यात नेहमीचं सगळं मिश्रण, पिगमेंट, फिलर जे असेल ते. दुसऱ्यात सगळं तेच पण पिगमेंट नाही. तिसऱ्यात फिलर पण नाही, फक्त पॉलिओल साइड आणि आयसो. चौथ्यात तोच पॉलिओल, पण गरम करून व्हॅक्यूमखाली वाळवलेला आणि झाकून थंड केलेला, आणि तुमचा पंप वॉटर रिंग निघाला तर चौथ्यासाठी न उघडलेल्या ड्रममधला ताजा पॉलिओल घ्या. ढवळायला स्टीलची सळी, लाकडी काठी अजिबात नाही, पावसाळ्यातल्या लाकडात वजनाच्या दहा-पंधरा टक्के पाणी असतं आणि लोक त्याच काठीने घोटत "मॉइश्चर कुठून येतंय" विचारतात. दुसऱ्या दिवशी कप उभे कापून बघा. कुठल्या कपापासून जाळी गायब होते तिथे तुमचं पाणी. बऱ्याचदा ते पिगमेंट पेस्टमध्ये सापडतं, काळ्या पेस्टमध्ये विशेष, किंवा कॅल्शियम कार्बोनेटच्या उघड्या गोणीत.

आणि चारही कप स्वच्छ आले तर? तर केमिकल निर्दोष, पाणी तुमच्या हाताळणीत आहे. आमच्याकडे एका पावसाळ्यात असंच झालं, तीन आठवडे डोकं फोडलं. पॉलिओलमध्ये पाणी ०.०३ टक्के, पिगमेंट बदललं, सप्लायरला दोन वेळा बोलावून चहा पाजला, कप स्वच्छ, साचे मात्र जाळीदार. शेवटी मी एक अख्खी शिफ्ट नुसती स्टूल टाकून बसले. पोरगा साचा ओतायच्या आधी एअर गनने फुंकून साफ करत होता, रोजच्यासारखा. मी गन घेऊन माझ्या चष्म्याच्या काचेवर मारली, काचेवर धुकं. दुसऱ्यांदा मारली तर थेंब ओघळला. कॉम्प्रेसरच्या टाकीचा ड्रेन कुणी महिनाभर उघडलाच नव्हता आणि लाइनला ड्रायर नव्हता, आम्ही प्रत्येक साच्याला प्रेमाने पाणी लावून मग माल ओतत होतो. त्या दिवशी टाकीतून बादलीभर तांबूस पाणी निघालं.

साचा आणि लोखंडी कोअर यांचं अजून एक. २८ डिग्री आणि ९० टक्के ह्युमिडिटीला दवबिंदू २६ च्या जवळ असतो, म्हणजे तुमचा कोअर हवेपेक्षा फक्त दोन डिग्री गार असला तरी त्याच्यावर डोळ्याला न दिसणारं दव बसतं. सकाळी पहिल्या शिफ्टचे पीस जास्त खराब येत असतील तर हेच. कोअर आणि साचे ६०-७० डिग्रीला गरम करून घ्या आणि गरम असतानाच ओता, तुमच्या सिस्टीमला चालतं का ते शीटवर बघून. रिलीज एजंट (पीस सुटावा म्हणून साच्याला लावतात तो) पाण्यातला असेल तर तो पूर्ण उडाल्याशिवाय ओतू नका. गार गोदामातून आणलेला ड्रम लगेच उघडू नका, बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड पाण्याच्या बाटलीला बाहेरून घाम येतो तसा ड्रमला आतून येतो.

इतकं करूनही थोडं मॉइश्चर राहतंच, त्यासाठी मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे पाणी धरून ठेवणारी बारीक छिद्रांची पावडर. ३ए घ्या, ४ए नाही. ३ए ची छिद्रं पाणी जाईल एवढीच, ४ए मध्ये कार्बन डायऑक्साइड आणि हवा पण शिरते, मग पाणी आत येताना त्यांना बाहेर ढकलतं आणि तुम्ही बबल घालवायला बबलच विकत आणलेले असतात. एरंडेलात कालवलेली पेस्ट मिळते, निम्मी पावडर निम्मं तेल, ती सोपी, फक्त तेलाचे ओएच हिशोबात धरा. पावडर स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आसपास पाणी धरते, म्हणजे १०० किलो पॉलिओलमध्ये १०० ग्रॅम पाणी असेल तर कागदावर अर्धा किलो पावडर, प्रत्यक्षात दीड-दोन किलो घाला. ओतायच्या पाच मिनिटं आधी नाही, आदल्या दिवशी घालून हळू ढवळत ठेवा, आणि डबा उघडा ठेवलात तर ती हवेतलंच पाणी पिऊन सकाळपर्यंत भरून बसेल. पारदर्शक माल हवा असेल तर सीव्हने धुरकट येतो, तिथे दुसरे स्कॅव्हेंजर आहेत, ऑक्साझोलिडिनचे वगैरे, महाग पडतात, रोलरला गरज नाही.

भोपाळचं कुणीतरी नेहमी विचारतं म्हणून एवढंच. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकी क्रमांक ६१० मध्ये पाणी शिरलं, त्यात ४० टनांच्या आसपास मिथाइल आयसोसायनेट होतं. एनसीओ आणि पाणी, मूळ रिअॅक्शन याच कुळातली. पण मिथाइल आयसोसायनेट ३९ डिग्रीलाच उकळतं, स्वतःच्या रिअॅक्शनच्या उष्णतेने ते वाफ होऊन बाहेर पडलं. एमडीआयची वाफ खोलीच्या तापमानाला अगदी नगण्य, टीडीआयची (गादीच्या फोममध्ये वापरतात त्या आयसोची) त्याहून बरीच जास्त. म्हणून तुमच्या ड्रममधून तसं होणार नाही, पण म्हणून निर्धास्त पण राहू नका. गरम केलेला किंवा स्प्रे केलेला एमडीआय छातीत जातो, आणि एकदा शरीराला त्याची अॅलर्जी बसली की पुढे अगदी थोड्याने दम लागतो, त्या माणसाला हे काम कायमचं सोडावं लागतं. कामाच्या जागेच्या हवेत एमडीआयची साधारण धरली जाणारी मर्यादा ०.००५ पीपीएम (दहा लाखात ०.००५ भाग) आहे, नाकाला वास येईल यावर विसंबू नका, वास यायच्या खूप आधी मर्यादा ओलांडलेली असते.

सांडलेल्या आयसोवर नळाचं पाणी मारू नका, वर साय धरते आणि खाली तसाच राहतो. लाकडाचा भुसा किंवा माती टाकून उचला, मग धुण्याचा सोडा ५ ते १० टक्के, थोडा लिक्विड साबण आणि बाकी पाणी असं द्रावण ओता, साबणामुळे पाणी आयसोपर्यंत पोचतं. उचललेला भुसा ज्या डब्यात टाकाल त्याचं झाकण दोन-तीन दिवस नुसतं वर ठेवायचं, दाबून लावायचं नाही, कारण तिथे पण तोच गॅस.

आता मला तीन गोष्टी कळवा: पंप कोणता, कॅटॅलिस्ट कोणता, आणि तुमच्या सिस्टीममध्ये "ए" म्हणजे आयसो की पॉलिओल, कारण एका सप्लायरचा ए आयसो असतो आणि दुसऱ्याचा पॉलिओल, आणि या गोंधळात उलटं वजन केलेले लोक मी बघितलेत. कप टेस्टचे फोटो टाकाल ते कप उभे कापून टाका, वरून काढलेल्या फोटोत फक्त चकाकी दिसते.